कुणी न केलेलं मीठ

माझ्या वडिलांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबांना वाढवून सांगितलेलं खपत नाही, आणि देवाने त्यांना मुलगी दिली ती माझ्यासारखी. मी रोह्याच्या एका शाळेत मराठी शिकवते, दरवर्षी स्नेहसंमेलनात नाटक बसवते आणि घरी बाजारातून भेंडी आणल्याची हकीकत सांगायची झाली तरी आधी पदर खोचून भेंडीवालीचा आवाज काढते. माझा नवरा म्हणतो, "तुझं निम्मं वजा करून मी ऐकतो." आबा उरलेलं निम्मंही ऐकत नाहीत. "नाटक नको. काय झाला ता सांग," असं म्हणून ते माझी भेंडी पहिल्याच प्रवेशात पाडतात.

आबा पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात भावाकडे राहतात. बाराव्या वर्षापासून त्यांनी मिठागरात काम केलं. आम्ही भावंडं त्या मिठावरच वाढलो. पुढे एका उधाणाला बाहेरचा बांध फुटला, खाडीचं पाणी मिठाच्या वाफ्यांत शिरलं ते शिरलंच. आता तिथे खारफुटीची तिवरं उगवली आहेत. बांध फुटल्यापासून आबा मिठाबद्दल बोलायचे बंद झाले. आम्हीही विचारायचे बंद झालो. विचारायला हवं होतं, हे मला आता कळतं.

मागच्या भाऊबीजेला मी गावी गेले होते. वहिनीने आबांना करमणूक म्हणून मोबाइलवर कच्छच्या रणाची चित्रफीत दाखवली. क्षितिजापर्यंत पांढरंशुभ्र, वर उंटाची गाडी, आणि मागून एक भारदस्त आवाज सांगत होता की इथे मीठ आपोआप तयार होतं, माणसाचा हात लागत नाही.

"परत लाव," आबा म्हणाले.

वहिनीने परत लावली. मग आणखी एकदा.

"आपलंआप?" आबांनी विचारलं.

"तसा सांगतंय तरी," वहिनी म्हणाली.

आबा उठून ओटीवर जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा खाडीकडे बघत होते. माझ्याकडे न वळता म्हणाले, "आपलंआप व्हत असंल, तर मंग आमी जल्मभर काय केला गो?"

मी काहीतरी विनोद केला. काय ते आठवत नाही, आणि न आठवलेलंच बरं. ते हसले नाहीत.

मला वाटलं, म्हातारा माणूस, दोन दिवसांत विसरेल. पण वहिनीचे फोन यायला लागले. आबा येईल त्याला विचारतात. पोस्टमनला विचारलं. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर यांनी त्यांनाच विचारलं, "डाक्टर, मीठ आपलंआप व्हतंय?" डॉक्टर म्हणाले, "आजोबा, श्वास घ्या." घरातल्या कुणालाच उत्तर येईना आणि त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

शेवटी जानेवारीत मी गावी जाऊन त्यांच्यासमोर बसले. "आबा, मी जाते रणात. बघून येते, कुणी करतंय की नाय."

आबा म्हणाले, "जा. पण येताना गोष्ट नको आणू. खरा काय हाय ता आण."

नवऱ्याला सांगितलं, तर त्याने आधी कंपनीतल्या शिफ्टचा कागद काढला. "मी रजा टाकू?"

"नको."

"का?"

"तू असलास की मला तुझ्याशी बोलत बसावं लागतं. बघायचं राहून जातं."

ही पंचवीस वर्षांच्या संसारातली सर्वांत प्रामाणिक ओळ होती. तिचा राग न येता त्याने माझ्या पिशवीत टॉर्च, लिंबाचं लोणचं आणि गुडघ्याचा पट्टा भरला. एकटीने घर सोडायला मला त्रेपन्न वर्षं लागली, आणि पहिल्या वेळी निरोप देणारा माणूस असा मिळाला. कुणाकुणाला तोही मिळत नाही.

रोह्याहून सकाळची गाडी धरली. कासूला एक बाई वालाच्या शेंगांची पाटी घेऊन चढली आणि माझ्या समोर बसली. पिशवीवरून नजर फिरवून तिने चौकशी सुरू केली.

"खय, माहेरा?"

"नाही. गुजरातला."

"येकटीच?"

"एकटीच."

"भांडलीस काय गो घोवाशी?"

"नाही हो. मीठ बघायला चालले."

तिने पाटी सरकवून मला नीट बघितलं. "मीठ? घरात संपला काय?"

डबा हसला. मी पण हसले, आणि मग तिला खरं काय ते सांगितलं. ती हसायची थांबली. तिच्या सासऱ्यानेही मिठागरात काम केलं होतं. पेण आलं, ती उतरायला उठली आणि मूठभर शेंगा माझ्या ओटीत टाकून म्हणाली, "कुणीतरी करत असंलच बघ. मीठ काय दव हाय, आपलंआप पडायला?" जिते स्टेशन येईपर्यंत मी त्या शेंगा सोलून खाल्ल्या. कोवळ्या होत्या.

पनवेल, मुंबई, आणि मग लांबच्या गाडीने भूज. तिथून बस. बसमध्ये मी खिडकी पकडली होती आणि मनातल्या मनात प्रवेशाची तालीम चालली होती. मी पहिल्यांदा रण बघते तो क्षण कसा सांगायचा, हात कुठे न्यायचा, आवाज कुठे पाडायचा. आजूबाजूला बाभळी, म्हशी, गोल भिंतींची घरं. सगळं सुंदर होतं आणि मी तालीम करत होते. आबा म्हणतात ते काही उगाच नाही.

दुपारी चारच्या सुमाराला रणाच्या कडेला पोचले. समोर पांढरं. तालमीतला एकही शब्द आठवला नाही. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "अगो बाई, भरलंय सगळं!"

कारण मला ते वाळवंट दिसलंच नाही. मला वाफा दिसला. आमच्या खाडीएवढा रुंद, बांध नसलेला, काठोकाठ भरलेला वाफा, आणि मीठ धरलेलं. आता हे सांगायला हवं की आमच्यात मीठ धरलेल्या वाफ्यात कुणी पाय ठेवत नाही. हंगामाआधी सगळं घर रांगेत उभं राहून वाफ्याचा तळ पायांनी चोपतं, त्या वेळी हवं तेवढं नाचा. पण पाणी घेतलं, पांढरी साय धरायला लागली, की संपलं. मी सात वर्षांची असताना चेंडूच्या मागे वाफ्यात शिरले होते. आबांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते त्या दिवशी. "पीक तुडवतंस?" एवढंच म्हणाले होते.

आणि इथे बघते तर चारशे माणसं पिकात! कुणी उड्या मारतंय, कुणी लोळतंय. एक नवी नवरी उंच टाचांच्या चपला घालून, घागरा धरून गिरक्या घेतेय आणि तिचा नवरा फोटो काढतोय. टाचेगणिक पिकात भोक! मला पुढचं नीटसं आठवत नाही. ज्या आवाजाने मी शेवटच्या रांगेतल्या पालकांना संवाद ऐकवते, त्या आवाजात मी ओरडले, "ए! बाहेर निकलो! फसल में क्या नाचते हो? बाहेर निकलो सब!"

आणि खरंच, आठदहा माणसं बाहेर आली. आवाज आहे माझा तसा. एक काका तर चपला हातात घेऊन "सॉरी, सॉरी" म्हणत आले. नवरी घागरा धरून तशीच उभी राहिली.

"आंटी," तिचा नवरा म्हणाला, "कौन सी फसल?"

"यह. नमक की."

"आंटी, यह रण है. सब चलते हैं इस पर."

"सब चलते हैं तो तुम भी चलोगे?" मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला कळायला लागलं की मी हजार किलोमीटर लांब येऊन परक्या राज्यात परक्या माणसांना, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या पिकातून हाकलते आहे. रंगभूमीवर भलत्याच नाटकाच्या अंकात शिरल्यासारखं झालं. काकांनी हळूच चपला खाली ठेवल्या.

बाजूला उंटगाडीवाले एक म्हातारे बसले होते. पांढरे कपडे, पांढरी दाढी. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. हसून झाल्यावर म्हणाले, "बेन, आप के यहाँ नमक होता है?"

"होता था," मी म्हणाले.

त्यांनी गाडीवर जागा करून दिली. मी बसले आणि ज्यासाठी आले होते ते एका वाक्यात विचारून टाकलं. "चाचा, इसको कौन बनाता है?"

"कोई नहीं. बारिश में पानी आता है, जाड़े में सूख जाता है. नमक रह जाता है."

"कोई भी नहीं?"

"ऊपरवाला."

उत्तर मिळालं होतं, आणि ते आबांना भीती होती तेच होतं. समोर नवरी पुन्हा गिरक्या घ्यायला लागली होती. इतकं सुंदर दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि मला वाटत होतं, हे नसतं तर बरं झालं असतं. आता परत जाऊन ओटीवर बसलेल्या त्या माणसाला काय सांगू?

"उतरिए, चलिए थोड़ा," म्हातारे म्हणाले. "मारेगा नहीं कोई."

मी चपला काढून गाडीवर ठेवल्या. पहिलं पाऊल टाकताना खांदे आपोआप वर गेले, सात वर्षांच्या मुलीचे जातात तसे. वरचा थर खरखरीत होता, पायाखाली मोडला आणि खालून गार, काळा चिखल बोटांत आला. मी थांबले. आबांच्या वाफ्याचा तळ कसा होता, हे माझ्या तळव्यांना अजून माहीत आहे. सारवलेल्या अंगणासारखा घट्ट, टाच आपटली तर ठण्ण लागायची. इथे तळच नव्हता. चोपायला कुणी आलंच नव्हतं.

मी वाकून वरचा एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला.

खारट. नुसतं खारट. मग तो विरघळला आणि मागून, पार जिभेच्या मुळाशी, कडू आलं. अगदी कडू, औषधासारखं.

मी धावत गाडीपाशी आले. त्रेपन्नाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा लावून, धावत. "चाचा! यह तो कड़वा है!"

"कड़वा ही होगा."

"आप लोग खाते नहीं?"

"यह कौन खाएगा?" ते इतके चकित झाले, जणू मी उंट खाता का असं विचारलं होतं. "खाने का नमक तो छोटे रण में बनता है. मेरे साढ़ू भाई का पूरा घर वही काम करता है. वक़्त पर कड़वा पानी निकालना पड़ता है. नहीं निकाला तो सब ख़राब."

"और नीचे ज़मीन? पैर से?"

"पैर से! पूरा घर." ते गाडीवरून उतरले आणि करूनच दाखवायला लागले. कमरेवर हात, टाच आधी, मग चवडा, आणि सरकत सरकत मागे. मी म्हटलं, आमच्याकडे असं नाही, आणि आमचं दाखवलं. एकमेकांच्या कमरेत हात, दोनदा उजवा, एकदा डावा, आणि पुढे. ते म्हणाले, असं केलं तर वाफ्याची कड सुटते. मी म्हटलं, अजिबात सुटत नाही, आमचे आबा बघायला असले की कडेची काय बिशाद! मग आम्ही दोघं, ते पंचाहत्तरीचे आणि मी, उन्हं कलताना त्या मिठावर आमनेसामने पाय आपटत राहिलो. मघाशी बाहेर काढलेले ते काका आता आमचं चित्रीकरण करत होते. नवरी येऊन म्हणाली, "आंटी, मुझे भी सिखाओ ना." मी तिला आधी चपला काढायला लावल्या.

निघताना त्या म्हाताऱ्यांना नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नाव विचारायचं राहिलं. माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईकडून हे कसं राहिलं, याचं अजून नवल वाटतं.

परतीच्या गाडीत मात्र माझी खोड जागी झाली. त्या पांढऱ्या रणाला अदृश्य माणसं जोडायला कितीसा वेळ लागतो? एका प्रयोगात मी रात्रीतून येणारे कामकरी रचले. दुसऱ्यात म्हाताऱ्यांच्या हातात फावडं दिलं. सुरतेपर्यंत तिसरा प्रयोग तयार होता आणि तो इतका छान होता की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आबा ऐकतील, समाधानाने जेवतील, आणि कोण जाणार आहे तिथे खातरजमा करायला? मग मला कासूच्या त्या बाईची पाटी आठवली, म्हाताऱ्यांचे पाय आठवले. इतक्या माणसांनी मला खरं दिलं होतं. मी तिन्ही प्रयोग रद्द केले.

रोह्याला न जाता आधी पेणला उतरले आणि रिक्षाने गावी गेले. आबा ओटीवरच होते. मी कुंकवाच्या करंड्यातून आणलेला मिठाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. खरं काय ते त्यांच्या जिभेलाच कळू दे, मला बोलायलाच नको, असा माझा बेत होता.

त्यांनी खडा तोंडात टाकला. आम्ही बघत होतो. बराच वेळ त्यांनी तो घोळवला आणि मान हलवली.

"काय लागतंय?" मी विचारलं.

"कायच नाय."

वहिनी हळूच म्हणाली, "पावसाळ्यातल्या तापापासून त्यांच्या तोंडाला चवच नाय, ताई. आंबट नाय, खारट नाय. तुमाला बोलले नायत."

म्हणजे सगळं माझ्या शब्दावर आलं. माझ्या! ज्या घरात माझी भेंडीसुद्धा कुणी पूर्ण ऐकून घेतली नव्हती, तिथे.

"सांग," आबा म्हणाले.

मी पदर खोचला नाही. हात मांडीवर ठेवले. "आबा, ता कुणी करत नाय. पावसाचा पानी येतंय, सुकतंय, मीठ ऱ्हातंय. आपलंआप."

वहिनीने माझ्याकडे रागाने पाहिलं.

"पण ता कुणी खात नाय," मी म्हणाले. "कडू हाय."

आता ते वळले. डोळे बारीक केले. नाटक पकडायचे डोळे. "कडू कधी लागला? जिभेवर ठेवल्या ठेवल्या?"

"नाय. आधी खारट. मंग मागना."

"कुठं?"

मी गळ्याशी बोट लावलं. "इथं. मुळात."

"खाली काय हाय?"

"चिखल. बोट घातला तर जातंय."

"चोपलेला नाय?"

"कोण चोपणार, आबा?"

आबांनी तोंडातला खडा काढून अंगणात टाकला.

"कडू पानी सोडायला मानूस नव्हता," ते म्हणाले. "मंग असाच व्हनार. मीठ व्हतंय आपलंआप, ता मला काय म्हाईत नाय? खायाजोगता व्हत नाय." आणि वहिनीकडे वळून, "ऐकलास? खायाजोगता व्हत नाय. त्याला मानूस लागतंय." एवढं झाल्यावर त्यांना भूक लागली. वहिनीने ताट आणलं आणि आबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. चव लागत नव्हती तरी खाल्ल्या. मी कोपऱ्यात बसून त्यांच्या एकेका घासाला मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानत होते.

हात धुऊन आले ते काठी घेऊनच. "तुला कडू पानी कधी सोडायचा ता म्हाईत हाय?"

"नाय."

"पोरीला काय करायचा म्हनून तुला शिकवला नाय. चुकलाच माजा. ये हिकडं."

अंगणाच्या मातीत त्यांनी काठीने बांध काढला, उघाडी काढली, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची झडप. मग एकामागून एक वाफे. पाणी कुठून येतं, कुठे तापतं, मीठ कुठे बसतं, कोणत्या वाऱ्याला थांबायचं. कितीतरी वर्षांचं साठलेलं सगळं ते बोलत होते, आणि भाऊ कामावरून आला तो गाडी बंद न करता तसाच ऐकत उभा राहिला. शेवटचं सांगितलं ते बोटांचं. पाणी दोन बोटांत घेऊन चोळायचं. नुसतं ओलं लागतंय तोवर मीठ बसू द्यायचं. तेलासारखं बुळबुळीत लागलं की कडू आलं, लगेच ते पाणी खाडीत सोडायचं.

"आता सांग. पानी वायच जड झाला, गुलाबी दिसाया लागला. सोडशील?"

मी वाफ्याकडे पाहिलं, म्हणजे मातीकडे. दोन कोरडी बोटं एकमेकांवर चोळली. आत्मविश्वासाने म्हणाले, "सोडीन."

"बघ! बोटांना बुळबुळीत लागतंय काय ता इचारला नाय, नुसता डोळ्यांनी ठरवतंस!" आबा एवढ्याने हसले की शेजारची बाई कुंपणाशी आली. "गेला की गो समदा पीक खाडीत! उभी ऱ्हा तिकडं. पयल्यापासना."